थकव्याची वाटणी

तिसरा गेम एकोणीस-एकोणीसवर आला, तरी शाल्मलीला साधी धापही लागली नव्हती. पोरगी स्वतःवरच खूश होती. ही मॅच जिंकली की भारताच्या टीममध्ये तिची जागा पक्की. तेवढ्यात तिचं लक्ष जोडीदारणीकडे गेलं. अडतीस वर्षांच्या कुंदाताई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या होत्या.

बॅडमिंटनच्या डबल्समध्ये आता दोघींच्या मनगटांवर पट्टे असायचे आणि थकवा दोघींत निम्मा-निम्मा वाटला जायचा. शाल्मलीनं ताईंचं मनगट ओढून पट्ट्यावरचा वाटणीचा काटा पाहिला. सगळा थकवा त्यांनी एकटीनंच घेतला होता.

"काय हे ताई! माझा थकवा मला परत द्या."

"शेवटची मॅच आहे गं माझी. उरलेली ताकद घरी नेऊन काय लोणचं घालू? तू जा टीममध्ये."

"थकवा न सोसता अशी गेले तर तिथं पहिल्याच मॅचला आडवी होईन. आणा इकडे!"

तिनं रागारागानं काटा फिरवून निम्म्यावर आणला. त्याच क्षणी तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, छाती फुटायला आली. ताई मात्र ताठ उभ्या राहिल्या.

"आई गं! एवढं होतं होय?"

"दोनच पॉइंट राहिलेत. चल!"

ते दोन्ही पॉइंट मिळाले तेव्हा दोघी कोर्टावरच आडव्या पडल्या. अंपायर निकाल सांगत होता, आणि त्या एकाच लयीत धापा टाकत खदखदून हसत होत्या.