वसतिगृहाचा नवा नियम

"खाटांत ढेकूण फार झाले आहेत, सर," तिसरा प्रश्न आला.

"माहीत आहे," कुलगुरू गणपतराव म्हणाले. "परीक्षेच्या दिवसांत तेच तुम्हाला जागं ठेवतात. तरी उद्या खाटा उन्हात काढायला सांगतो."

सभागृहात हशा पिकला. चंद्रभान हसला नाही. तीन दिवस त्याच्या पोटात धड अन्न नव्हतं. वसतिगृहाची अठरा मुलं; त्यांतल्या सतरा जणांनी मेसमधलं जेवण सोडलं होतं. नागपुरातल्या सदर भागातल्या रस्त्यावरच्या नळाचं पाणी प्यायचं आणि मागच्या कडुनिंबाखाली बसून फुटाणे खायचे, असं चाललं होतं.

अठरावा रुपराव. तो मात्र मेसमध्ये जात होता. एकटाच जेवत होता. पहिल्या वर्षी चंद्रभानला बीजगणित शिकवलं ते त्यानंच, व्हरांड्यात बसून. आता तो शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे पाहिलं की चंद्रभानच्या अंगाचा तिळपापड होई.

खिशात सावनेरहून आलेलं वडिलांचं पत्र होतं. 'अशी बेअब्रू सोसून शिकायचं असेल तर नको ते शिक्षण. घरी ये, वखर धर.' बी.ए.ची परीक्षा सव्वा महिन्यावर होती. आज या सभेत काही निकाल लागला नाही तर उद्या सामान बांधायचं, हे ठरलेलंच होतं.

"ऊठ ना गा," बाजूच्या चंपतनं कोपर मारलं. "का मीच बोलू? मी बोललो तर शिव्याच निघतील."

चंद्रभान उठला.

"सर, मेसच्या नव्या नियमाचं बोलायचं आहे. आम्ही फी भरतो का नाही?"

"भरता."

"मग आमची बेइज्जती काहून?"

गणपतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तो नियम मी केला आहे, विचार करून."

"आम्हाले विचारून नाही केला!"

"नाही. विचारलं असतं तर पुढची वीस वर्षं झाला नसता."

मागून कोणीतरी ओरडलं, "शरम करा!" पाय आपटले गेले. जे बोलायचं म्हणून चंद्रभाननं रात्रभर घोकलं होतं, त्यातलं काहीच आठवेना, आणि तोंडात आलं ते गावचंच.

"सर, गावात आमच्या घराले मान आहे. लोकं माझ्या बापाले विचारून राहिले, तुमचा पोरगा तिथं कसा जेवते म्हणून. काय सांगावं त्यानं? आम्ही माणसं नाही का?"

"माणसं आहात, असं धरूनच चाललो होतो मी." गणपतरावांचा आवाज चढला. एरवी तो कधी चढत नसे. "तीन दिवस झाले, ते धरणं चुकलं की काय, असं वाटू लागलं आहे."

"ऐकलं का गा?" चंपत उभा राहून किंचाळला. "आपल्याले जनावर म्हणून राहिले!"

"बस खाली, चंपत."

"नाही बसत! आम्ही सतराच्या सतरा उद्या चाललो. वसतिगृहाले कुलूप लावा मग!"

"लावीन," गणपतराव म्हणाले. "एका मुलासाठी चालवीन, नाहीतर कुलूप लावीन. नियम बदलणार नाही."

पोरं बाकांवर मुठी आपटू लागली. चंद्रभाननं हात वर केला, तशी ती हळूहळू थांबली. आजवर आपलं इतक्या लोकांनी कधी ऐकलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला बळ आलं.

"आमची मागणी एकच आहे, सर. लिहून आणली आहे."

"कागद नको. नागपुरात तीन वर्षं शिकलास ना? तोंडानं सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडे पाहून सांग."

चंद्रभान वळला. शेवटच्या बाकावर रुपरावनं पहिल्यांदाच मान वर केली होती. चंद्रभाननं त्याच्याकडे बोट केलं.

"याचं ताट आमच्या पंगतीतून उचला. याच्या जातीले बाहेरची पायरीच बरी होती."