यादीतली चौथी ओळ

मूळ फोटोला मी कधीच हात लावत नाही. त्याची प्रत घेऊन तीनच बदल करतो: उजेड वाढवतो, कडा कापतो, रंग जरा दाबतो. हौशी माणसाने जास्त शहाणपणा करू नये.

पण कालच्या फोटोच्या बदलांच्या यादीत चौथी ओळ होती: ‘व्यक्ती काढली.’

फोटोत सोफ्यावर बायको एकटीच. तिचा हात मात्र कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा अधांतरी.

“माझ्या कॉम्प्युटरला हात लावलास?”

“मला कुठे येतं त्यातलं?” ती दारातून म्हणाली.

मी मूळ फोटो उघडायला घेतला.

“राहू दे ना. त्याला नाही आवडत फोटोत यायला.”

मी वळून पाहिलं. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं. हात तसाच अधांतरी होता.