सेक्रेटरी शब्दाची फोड

साहेबांनी माइक तोंडाजवळ ओढला. "सेक्रेटरी या शब्दात कुठला शब्द लपलाय, सांगा बघू?"

बाईंच्या निरोप समारंभासाठी कॅन्टीनमध्ये मांडलेल्या खुर्च्यांवरून कुणीतरी ओरडलं, "सिक्रेट!"

"शाब्बास! मूळ शब्द लॅटिन. सिक्रेट म्हणजे बाजूला काढून ठेवलेलं. आणि ते जी सांभाळते ती सेक्रेटरी. लोकांना वाटतं, टायपिंग आणि चहा. चूक! आमच्या बाईंनी एकतीस वर्षं या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही."

टाळ्या पडल्या. बाईंच्या मांडीवरच्या पुष्पगुच्छाचा कागद चुरचुरला. पंधरा वर्षांपूर्वी साहेब याच शब्दांत बोलले होते. "बाई, हे पत्र जरा बाजूला काढून ठेवा."

पत्र बॉयलरवरच्या ऑपरेटरचं होतं. वहीचं पान फाडून लिहिलेलं. व्हॉल्व्ह अडकतोय, दुरुस्ती होईपर्यंत बॉयलर बंद ठेवावा. त्यावर पोचेचा शिक्का बाईंनी स्वतः मारला होता. पाच दिवसांनी बॉयलर फुटला. चार माणसं गेली, त्यांत तो ऑपरेटरही. चौकशीवाले आले, फाईल चाळली, पत्र काही सापडलं नाही. ठपका मेलेल्या माणसावर आला. ऑपरेटरचा हलगर्जीपणा.

तो ऑपरेटर बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

चूक त्याचीच ठरल्यामुळे कंपनीने हात वर केले. धाकटी दोन पोरांना घेऊन बाईंच्या खोलीत राहायला आली. बाईंनी मनाची समजूत घातली. गेलेला काही परत येत नाही, मागे राहिलेल्यांना जेवायला लागतं. आपण बोललो तर नोकरी जाईल, मग चौघांनी काय खायचं? पोरं शिकली. थोरल्याला शाळेत 'तिघांना खाणाऱ्याचा पोरगा' म्हणायचे. तो मारामाऱ्या करून घरी यायचा आणि राग बापावर काढायचा. एकदा त्याने बापाचा फोटो भिंतीवरून उतरवला, तो पुन्हा लागलाच नाही. बाई तेव्हा भाजी चिरत होत्या. चिरत राहिल्या.

"काय सांगत होते गं ते?" शेजारी बसलेल्या धाकटीने हळूच विचारलं. साहेबांचं अर्धं इंग्रजी तिच्या डोक्यावरून गेलं होतं.

"सेक्रेटरी म्हणजे गुपित सांभाळणारी."

बाईंना माइकवर बोलावलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेब हसले. "सगळ्यांची आभारी आहे," एवढं म्हणून त्या खाली बसल्या.

गेटबाहेर आल्यावर मात्र त्या थांबल्या. पुष्पगुच्छ त्यांनी रखवालदाराच्या स्टुलावर ठेवला आणि धाकटीला सगळं सांगून टाकलं. पत्र, शिक्का, साहेब. "कपाटातून घरी आणलं मी ते. माझ्या ट्रंकेत आहे. तुझ्या नवऱ्याचा काही दोष नव्हता गं. मला काय वाटेल ते बोल."

धाकटीने पदराने तोंड पुसलं. घाम होता, डोळे कोरडे होते.

"मला माहीत आहे, ताई. तू झोपेत बोलतेस. पहिल्या वर्षीच ऐकलं मी."

बाई पुष्पगुच्छ बाजूला सारून स्टुलावर टेकल्या. "मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं, तर तुझ्या घरात राहिले असते का मी? आणि पोरांना घेऊन जाणार कुठे होते? रोज सकाळी उठल्यावर वाटायचं, आज सांगेल." धाकटीचा आवाज चढला नाही. "नोकरी संपायची वाट पाहिलीस."

बस आली. दोघींनी ती जाऊ दिली.

"पोरं जेवायची थांबलीयत घरी," धाकटी म्हणाली. "त्यांना अजून वाटतं बाप चुकला. मी गप्प बसले म्हणून. आता तू सांग. दोघींचंही सांग."