फुलासारखा बॉल

बोलिंगच्या हॉलमध्ये नवऱ्याने नवाकोरा बॉल सोडला आणि दहाच्या दहा पिना आडव्या! "हातात कसा फुलासारखा बसतो बघ! याला म्हणतात तंत्रज्ञान. दोष त्या जुन्या बॉलचाच होता, माझा हात ठणठणीत आहे."

तिने टाळ्या वाजवल्या, पण नजर त्याच्या हातावरच होती. थोरल्या दिरांचा हात असाच हळूहळू लुळा पडला होता. नवऱ्याच्या हातून बॉल निसटायला लागला, की ती त्याच्या नकळत हॉलमधल्या दुकानदाराला गाठायची आणि वजनाचा आकडा खरवडून, आणखी हलका बॉल द्यायला सांगायची.

आज निघताना दुकानदारानेच तिला बाजूला घेतलं.

"वहिनी, आता याच्याहून हलका फक्त लहान मुलांचाच येतो."