माधवनगरच्या बैठकीत हंटर

"हंटर विमानं मोडीत काढायची म्हंजे शुद्ध येडेपणा," असं म्हणून मानसिंगरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, आणि त्यांच्या मुलानं, अर्जुनानं, चटकन साळूकडं बघितलं.

कराडहून माधवनगरला येताना एसटीत त्यानं आणि साळूनं मानसिंगराव आबांपुढं अक्षरशः हात जोडले होते. उसावर बोला, पाण्यावर बोला, पण आज लढाऊ विमानांचं तेवढं काढू नका. आबांनी मान डोलावली होती. पण उभी हयात हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, त्याच्या मान डोलावण्याचा भरवसा तो किती धरायचा?

याआधी दोन स्थळं अशीच हातची गेली होती. विट्याच्या पाहुण्यांशी ते मिगवरून भांडले. दहिवडीला रडार समजावून सांगताना त्यांनी पाहुण्यांचा चालू रेडिओ उघडला, तो पुन्हा बोलला नाही. अर्जुनाची फौजेतली सुट्टी संपत आली होती आणि लग्न ठरल्याशिवाय परत जायला त्याचं मन घेत नव्हतं. त्यात ही माणसं त्याला बघताक्षणी आवडली होती.

दोष एकट्या आबांचा नव्हता. यजमान लालासाहेब गिरणीत फोरमन, पेपर जाहिरातींसकट वाचणारे. सरकार विलायतेहून जग्वार नावाची नवी विमानं घेणार, हा विषय त्यांनीच काढला होता.

"जुन्याला ठिगळं लावायची तरी किती, पाव्हणं?" ते म्हणाले. "आमच्याकडं जुन्या मागाला नवी मोटार बसवली. चार दिस लय पळाला, मग चौकटच तडकली."

"चौकट न तपासता मोटार बसवली तुमी, त्यात मागाचा काय दोष? नॅट विमानाच्या खोडी काढून त्याचाच नवा अजित केला न्हवं? तसं हंटरचं बी करा. एकाहत्तरला त्यानंच दुश्मनाचं रणगाडं फोडलं."

"आन उद्या समोरच्याकडं नवं आसलं तर? एकाहत्तरच्या गोष्टी सांगत बसायचं?"

आवाज चढत गेले. लालासाहेबांची मुलगी मनू नवं पातळ नेसून चहा घेऊन आली, तरी दोघांचं लक्षच नव्हतं. साळूनं अर्जुनाला कोपरानं ढोसलं. तो तरी काय करणार? लालासाहेबांनी टोपी सारखी केली.

"आसल्या हेकट घराशी सोयरीक म्हंजे जरा इचारच करावा लागंल," ते म्हणाले.

झालं, तिसरंही गेलं, असं अर्जुनाला वाटलं. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात लालासाहेबांची बहीण चंद्राबाई माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. इतका वेळ ती आतून सगळं ऐकत होती.

"दादा, नवी विमानं आज सांगितली की उद्या येत्यात व्हय?"

"न्हाई. दोन-तीन वर्सं तरी जात्याल."

"मग तवर पोरांनी कशात बसून उडायचं? आन पाव्हणं, तुमी कितीबी दुरुस्ती केली तरी हंटर जलमभर पुरणार हाय का? आता हायत ती धड करा, नवी बी सांगून ठेवा. आत बसलेलं पोर घरी परत आलं म्हंजे झालं. आन चहा निवतोय."

मानसिंगरावांनी कपबशी उचलली, तशीच हातात धरून ठेवली.

"बरोबर हाय बाईंचं," ते म्हणाले.

अर्जुना आणि साळू एकमेकांकडं बघतच राहिले. विमानाच्या बाबतीत आबांनी कुणाचं ऐकलेलं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. लालासाहेबांना तर हसू आवरेना.

"लालासाहेब, आमची पसंती हाय," मानसिंगराव जरा खाकरून म्हणाले. "आता तुमच्याकडचं इचारा."

चंद्राबाई केव्हाच आत गेली होती. लालासाहेब तिच्या मागोमाग गेले, मनूही गेली. आत कुजबुज झाली, मग हसण्याचा आवाज आला. अर्जुनाचा जीव टांगणीला लागला.

"व्हकार हाय," लालासाहेब बाहेर येऊन म्हणाले. "लावा कुंकू."

"आमच्या घरात मोठं बाईमाणूस न्हाई," मानसिंगराव म्हणाले. "साळूच लावंल."

मनूनं पाट मांडला, आत जाऊन आत्याला हाताला धरून आणून त्यावर बसवलं, आणि साळूनं, अर्जुनाच्या बायकोनं, आपल्या होणाऱ्या सासूच्या कोऱ्या कपाळावर कुंकू टेकवलं.