पाठवणीची गाडी

गाणं मध्येच तुटलं आणि गाडी वाजायला लागली. याह्याभाईंचा हात सवयीनं रेडिओच्या बटणाकडे गेला, पण तिथं आता बटण नव्हतं. काचेचा पडदा होता, आणि त्यावर नाव उमटलं होतं : पप्पू.

लोणावळ्यात शनिवारची गर्दी. चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या, आणि त्यांच्यात फुलांनी मढवलेली ही जुनी, सायीच्या रंगाची मर्सिडीज. खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्यानं विकायला काढली तेव्हा याह्याभाईंनी ती घेतली होती. त्या काळी मावळात नवरीसाठी अशी दुसरी गाडी नव्हती. मुली आत बसताना चपला काढायच्या. लोक तारीख धरायच्या आधी तळेगावला येऊन गाडी मोकळी आहे का ते बघून जायचे. आता गिऱ्हाईक पहिलं विचारतं, फोन जोडता येतो का. नाही म्हटलं की दुसरीकडे जातं. म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्या मुलानं, रियाजनं, जुना रेडिओ उचकटून हा पडदा बसवला. भोवतीची लाकडी पट्टी त्यानं अगदी जपून कापली, तरी त्या दिवशी याह्याभाई जेवले नाहीत.

"काका, ते हिरवं दाबा," मागून नवरदेव म्हणाला.

नवरदेव प्रितम, खंडाळ्याला रेल्वेत होता. शेजारी सृष्टी, नाणे मावळातली. कामशेतच्या कार्यालयात लग्न लागलं आणि तिथूनच दोघं परस्पर निघाली होती. फोन सृष्टीचा होता; गाण्यांसाठी तो पुढं वायरला जोडून ठेवलेला. पप्पू तिचा धाकटा भाऊ.

याह्याभाईंनी हिरवं दाबलं आणि चारी दारांतून पप्पूचा आवाज आला. तो कार्यालयातून घरी पोचला होता आणि आजीपुढं हात टेकले होते त्यानं. आजी, आक्काबाई, खुबा मोडल्यापासून खाटेवर होती. तिला लग्नाला नेता आलं नव्हतं. नात सासरी निघाली, हे ती काही केल्या मानत नव्हती.

"आजी, अगं सकाळी तुझ्या पाया पडून निघाले ना मी," सृष्टी म्हणाली.

"सकाळी तू जीपमधनं लग्नाला गेलीस. ते काय सासरी जानं व्हय?" आक्काबाईचा आवाज इतका जवळून आला, की याह्याभाईंनी आरशात पाहिलं. "तुज्या तिन्ही आत्या ह्या दारातनं गेल्या. गाडी वळनाला गेली की भोंगा वाजायचा. मी उंबऱ्यात हुभी असायची. भोंगा ऐकला की मंग रडायची. आज कायबी वाजलं न्हाई. कवाधरनं रडू धरून बसलेय मी."

सृष्टीनं मांडीवरचा शेला मुठीत गोळा केला.

याह्याभाईंना ती वळणं आठवली. पूर्वी गाडी थेट दारात जायची. अंगण, शेणाचा सडा, बायांचा गराडा. नवरीला हाताला धरून बसवायचे, आणि मारुतीच्या देवळापाशी गाडी वळली की ते हॉर्न लांबवर धरायचे. कुणी शिकवलं नव्हतं, तशी रीतच होती. त्या आवाजावर मागे उंबऱ्यातली आई मटकन खाली बसलेली त्यांनी किती वेळा आरशात पाहिली होती. मग कार्यालयं झाली. गाडी फाटकाशी लागायची, फटाके असायचे, वाजंत्री असायची, हॉर्न कोण ऐकणार? आपण तो वाजवायचा कधी सोडला, हे त्यांनाही आठवेना.

"डायवर भाऊ हायती का तितं?"

"हाय, मावशी."

"वाजवा की जरा. माज्यासाटी."

याह्याभाईंनी हॉर्न दाबला. पुढच्या गाडीतल्या माणसानं मान बाहेर काढून हातवारे केले. आक्काबाई म्हणाली, काय न्हाई आलं, नुसतं किरकिरलं कायतरी. बोलताना बाहेरचा आवाज हा पडदा आपोआप गाळतो, असं रियाजनं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं खरं.

प्रितम दार उघडून खाली उतरला. पुढं येऊन त्यानं वायरीतून फोन काढून घेतला आणि फेटा सावरत, मुंडावळ्या बाजूला सारत तो गाडीच्या तोंडाशी गेला. तिथं त्या गर्दीत तो ओणवा झाला, फोन बॉनेटपाशी धरला आणि याह्याभाईंकडे बघून त्यानं मान हलवली.

याह्याभाईंनी हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. देवळाच्या वळणावर धरायचे तसा धरला. जुना, भरदार आवाज. आजूबाजूच्या गाड्या रागानं वाजायला लागल्या. चौकातल्या हवालदारानं शिट्टी फुंकली. काही पर्यटक चिक्की चघळत थांबून हसले, एकानं फोटो काढला. प्रितम हलला नाही. मागच्या सीटवर इतका वेळ ताठ बसलेल्या सृष्टीनं शेल्यात तोंड खुपसलं.

तो परत आला, वायर जोडली, आणि मागं जाऊन सृष्टीशेजारी बसला. गाडीत थोडा वेळ फक्त त्या लांबच्या घरातले आवाज होते. कोंबडी कलकलली. कुणीतरी नाक ओढलं. मग आक्काबाईचा आवाज आला, ओला आणि मोकळा. ती आता त्यांच्याशी नव्हती बोलत, घरातल्यांशी बोलत होती.

"गेली पोर. लोटा आता दार."