चौथं शील

चौथं शील आलं आणि रंभाबाईंनी ओठ मिटले.

कार्डिफच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये दर रविवारी पांढऱ्या कपड्यांतली चाळीसेक माणसं पंचशील म्हणत. बौद्ध संघाचा राजेंद्र पुढे म्हणायचा, बाकीचे त्याच्यामागून. चोरी करणार नाही, दारूला शिवणार नाही, सगळं रंभाबाई खणखणीत म्हणायच्या. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील आलं की मात्र चूप. तेरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते नेमकं नातीच्या.

"आजी, तू चौथा शील बोलतच नाही," बसमध्ये सिया म्हणाली. "राजेंद्रकाका म्हणाले, वय झालं, विसरत असेल. जीपी डॉक्टरांना दाखवू या का?"

रंभाबाईंना कसंनुसं हसू आलं. विसरता आलं असतं तर आणखी काय हवं होतं.

सिया चार वर्षांची असताना सून कल्याणी संसार मोडून एडिनबराला निघून गेली. लेकानं, अतुलनं, तिचं नावच टाकलं. पोरीनं मात्र आईचा ध्यास घेतला. खाईना, पिईना. तेव्हा रंभाबाईंनी एकदाचं सांगून टाकलं, तुझी आई तुला विसरली. पोर रडायची थांबली. आणि मग पाचव्या वाढदिवसाला एडिनबराहून कार्ड आलं. दर वर्षी येतच राहिलं. तेरा कार्डं ट्रंकेत होती, वंदनेच्या पांढऱ्या साड्यांखाली. रविवारी साडी काढायला गेलं की हाताला लागायचीच.

संध्याकाळी सिया ए-लेव्हलचा, म्हणजे इकडच्या बारावीचा, निबंध घेऊन किचनमध्ये बसली. जुन्या अमेरिकेतल्या कर्मठ ख्रिस्ती गावांच्या गोष्टी.

"आजी, तिकडे ना, पाप केली की सगळ्यांसमोर उभं करायचे. अंगावर खूण लावायचे. पण ज्याचं पाप कुणाला दिसत नाही ना, तोच जास्त सोसतो. आतून संपतो. मला हेच लिहायचंय."

रंभाबाई मेथी निवडत होत्या. जुडी तशीच टाकून त्या उठल्या. आतून कार्डांचा गठ्ठा आणला आणि निबंधावर ठेवला.

"तुझी आई तुला विसरली नव्हती, पोरी. मी खोटं बोलले. जे पाळलं नाही ते भगवान बुद्धांसमोर कुठल्या तोंडानं म्हणू? म्हणून चूप राहायचे."

सियानं एकेक कार्ड उघडलं. प्रत्येकात खाली तोच फोन नंबर. पहिल्या कार्डावर ससा होता. त्याच्यावरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"रागावलीस?" रंभाबाईंनी भीत भीत विचारलं.

"नाही, आजी." सियानं त्यांच्या गळ्यात हात टाकले. "इट्स ओके. मला काहीच राग नाही."

रंभाबाई पोटभर रडल्या. छातीवरचा धोंडा उतरला. आठवडाभर सिया हसूनच बोलली, आजीच्या हातचा चहाही न विसरता घेतला. अशी गुणाची नात आपल्या वाट्याला यावी, याचंच रंभाबाईंना नवल वाटत राहिलं.

रविवारी त्यांनी साडी काढली. हाताला खाली काही लागलं नाही.

हॉलमध्ये सिया त्यांना चिकटून बसली. पहिली तिन्ही शीलं आजी-नातीनं बरोबरीनं म्हटली. राजेंद्रनं चौथं उच्चारलं. तेरा वर्षांनी रंभाबाईंचा आवाज त्यात मिसळला, अगदी खणखणीत. म्हणता म्हणता त्यांनी कौतुकानं शेजारी पाहिलं.

सियाचे ओठ मिटलेले होते.